बॅटरीवरच्या बारा लेफ्सा

खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'तीन हजार वॅट' असे छापलेले होते. आकड्यामागे एका घरावर वीज कोसळत असल्याचे चित्र होते आणि त्या घरातले कुटुंब, चार माणसे व एक कुत्रा, खिडकीतून डोकावून आनंदाने हसत होते. आतल्या चव्वेचाळीस पानी पुस्तिकेत, एकोणिसाव्या पानाच्या तळटीपेत, मुंगीलाही चष्मा लागावा इतक्या बारीक टायपात, खरे काय ते सांगितलेले होते: सलग क्षमता पंधराशे. तीन हजार हा आकडा अर्ध्या सेकंदापुरता खरा होता. अर्ध्या सेकंदापुरत्या खऱ्या असणाऱ्या इतरही गोष्टी जगात आहेत. पण त्या सोनेरी अक्षरांत छापून कोणी बाजारात मांडत नाही.

मी अठ्ठावीस वर्षे ओहायोतल्या एका विद्यापीठात जुन्या लॅटिन हस्तलिखितांमधल्या चुका शोधत होते. मग विद्यापीठाला असा शोध लागला की खरी चूक म्हणजे आमचा विभागच. तेव्हापासून हिवाळ्याचे पाच महिने मी ॲरिझोनाच्या वाळवंटात, टिन कप नावाच्या कोरड्या ओढ्याच्या काठी, एका जुन्या व्हॅनमध्ये काढते. तिथे आम्ही बावीस माणसे असतो. विजेची तार नाही, नळ नाही. प्रत्येकाच्या छपरावर सौर पट्ट्या, पलंगाखाली बॅटऱ्या, आणि बॅटरीतल्या विजेवर घरगुती उपकरणे चालावीत म्हणून एकेक इन्व्हर्टर.

आमच्यातल्याच एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहणाऱ्या आर्डिस लुंडीनचा जुना इन्व्हर्टर डिसेंबरात जळाला. हा नवा तिने शहराबाहेरच्या तंबूबाजारातून आणला, आणि ज्या गुरुवारी मी तिला एकोणिसावे पान वाचून दाखवत होते, त्याच गुरुवारी तिची मुलगी मार्नी भाड्याची गाडी घेऊन उत्तर डाकोटातल्या फार्गोहून येऊन थडकली. ती विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या दाव्यांची तपासणी करते. तिच्या काखेत तिथल्या एका वृद्धाश्रमाचे गुळगुळीत माहितीपत्रक होते.

"खोली तळमजल्यावर आहे, आई," ती म्हणाली. "खिडकीतून बाग दिसते."

आर्डिसने पत्रक डोळ्यांपासून लांब धरले. ती एकोणऐंशी वर्षांची, आणि त्यातली चौतीस वर्षे तिने शाळेची बस चालवलेली. "मला तर यात गाड्या दिसतायत."

"गाड्यांच्या पलीकडे बाग आहे."

"मग उंच माणसांना दिसत असेल."

"आई, थट्टा नको. गेल्या फेब्रुवारीत तू दोन दिवस थंडीत बसून काढलेस. बॅटऱ्या संपलेल्या, हीटरचा पंखा बंद. आणि फोनवर मला काय म्हणालीस? सगळं छान चाललंय!"

"छानच चाललं होतं. थंड होतं, एवढंच."

"तुला ही वीज सांभाळता येत नाही. साधा टोस्टरसुद्धा तुला एकटीला चालवता येत नाही."

इथे आर्डिसने पत्रक टेबलावर ठेवले. "टोस्टर? मी लेफ्सा करून दाखवते. तुझ्या आजीच्या तव्यावर."

मार्नीला हसू आवरेना. तो तवा मीही पाहिलेला होता. विजेवर चालणारा, बसच्या चाकाएवढा गोल, आणि बटाट्याच्या त्या पातळ, मऊ पोळीसाठीच बनवलेला. त्याच्या बुडाला चौदाशे हा आकडा पितळी पट्टीवर कोरलेला होता. कोरणाऱ्यांची पिढी खोटे बोलत नसे. "तो तवा? अगं, आपल्या घरी तो लावला की स्वयंपाकघरातला दिवा मंद व्हायचा!"

"रविवारी. दुपारी बारापर्यंत. बारा लेफ्सा."

"जनरेटर न लावता."

"न लावता."

"कुणाची मदत न घेता."

"मदत कशाला? पोळ्याच आहेत."

"आणि झाल्या नाहीत, तर तू माझ्या गाडीत बसायचंस आणि फार्गोला यायचंस."

"पुढे बसेन."

"पुढेच बस."

"चालवीनही."

"नाही, आई."

आर्डिसने हात पुढे केला आणि मायलेकींनी व्यापाऱ्यांसारखे हात मिळवले. म्हणजे इन्व्हर्टरच्या तळटीपेवर आता एका बाईचे उरलेले आयुष्य टांगले गेले होते. खोक्यावरच्या कुत्र्याला त्याची कल्पना नव्हती.

शुक्रवार-शनिवार आमची अध्ययनसत्रे झाली. मी आरंभ रीतीप्रमाणे संज्ञांच्या व्याख्यांपासून केला. दहा मिनिटांनी आर्डिसने हात वर केला.

"थांब गं, प्रोफेसर. बॅटरी म्हणजे डिझेलची टाकी, बरोबर? आणि हे यंत्र म्हणजे बस. टाकी कितीही मोठी असो, बाकं असतील तेवढीच पोरं बसणार."

"बरोबर."

"बाकं पंधराशे. तवा चौदाशे. म्हणजे तवा बसला की बस भरली. कॉफीचं यंत्र?"

"नऊशे."

"त्यानं पुढच्या फेरीला यायचं. मग ते तीन हजार कोण?"

"काही उपकरणे सुरू होताना क्षणभर जास्त ओढतात. फ्रीजची मोटर, पाण्याचा पंप. तेवढ्या क्षणापुरती ही क्षमता."

"अच्छा, शाळा सुटल्यावर दारात होते ती चेंगराचेंगरी! दोघं पायरीवर, एक आरशाला लटकलेला. पण तशी बस कुणी चालवत नाही."

"नाही चालवत."

"मग हे खोक्यावर का छापलंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, सिद्धान्त होता. तो मी मांडला. प्राचीन राजांच्या विजयस्तंभांवरील मृत शत्रूंच्या संख्येपासून सुरुवात करून मी सोनेरी शाईपर्यंत पोहोचले तेव्हा आर्डिसचे सहा बटाटे सोलून झाले होते. "रागावलीस की छान दिसतेस," ती म्हणाली. "आता मायक्रोवेव्हचं सांग."

मायक्रोवेव्हचे खोटे उलट्या दिशेचे असते. दारावर सातशे लिहिलेले असते. ती अन्नापर्यंत पोहोचणारी ऊब. तो स्वतः बॅटरीकडून अकराशे घेतो. आर्डिसने जिभेने चक् केले. "म्हणजे एका तिकिटावर दीड माणूस. असले प्रवासी मी उतरवून देत असे."

जाड तारा बक टॉलिव्हरने आधीच, पैज लागण्यापूर्वी, घालून दिल्या होत्या, त्यामुळे ती मदत धरली जाणार नव्हती. बक ओक्लाहोमात तीस वर्षे विजेच्या खांबांवर चढत होता आणि अजूनही जमिनीवर उभे राहणे हा त्याला कमीपणा वाटतो. "बारा व्होल्टांतून चौदाशे वॅट काढायचे म्हणजे सव्वाशेच्या वर अँपिअर वाहणार," तो मला अंगठ्याएवढी तार दाखवत म्हणाला. "इथं बारीक वायर लावली असती ना प्रोफेसरबाई, तर वायरीचाच तवा झाला असता. वर लेफ्सा टाकायच्या."

शनिवारी सरावाच्या दोन लेफ्सा झाल्या. बॅटरीचा आकडा शंभरावरून खाली आला, पट्ट्यांनी उन्हात तो पुन्हा वर नेला. आर्डिस शिट्टी वाजवत झोपायला गेली.

रविवारी मला पंच नेमण्यात आले. मार्नीने कारण दिले: "तुमचं कुणाशीच पटत नाही असं दिसतं, म्हणून." मी पुस्तिका मांडीवर घेऊन टेबलाशी बसले. मार्नी समोर बसली. आर्डिसने पीठ लावलेले वीस गोळे फडक्याखाली ठेवले, दाराजवळचे इन्व्हर्टरचे बटण वर केले आणि तव्याचा तांबडा दिवा लागला. पावणेदहा. बॅटरी सत्त्याण्णव.

हा तांबडा दिवा तवा तापेपर्यंत जळतो आणि पुरेसा तापला की विझतो. मग अधूनमधून पेटत-विझत राहतो. तो विझला, आणि आर्डिसने पहिला गोळा लाटला. तिचे लाटणे खाचांचे होते, हात बसच्या स्टिअरिंगवर तयार झालेले. पोळी कागदासारखी झाली. लांब चपट्या काठीवर ती उचलून तिने तव्यावर उलगडली, आणि वाळवंटात कधी येऊ नये असा वास ट्रेलरभर पसरला. तपकिरी ठिपक्यांची एक, मग दुसरी, मग तिसरी. मार्नीने तिसरी हातात घेऊन उजेडाकडे धरली. तिच्या चेहऱ्यावरची तपासनीस काही क्षण रजेवर गेली.

छावणीने ठरवले होते की मदत कोणी करायची नाही. येऊ नये असे मात्र कोणी ठरवले नव्हते.

प्रथम बक आला. "पक्कड आहे का गं?" असे त्याने विचारले. त्याच्याकडे चार पकडी आहेत.

"नाही," आर्डिस म्हणाली.

"बरं. मग जातो. वास काय सुटलाय, म्हातारे! माझ्या ट्रेलरात येऊन उभा राहिलाय वास. भाडं मागतो आता त्याच्याकडून." तो गेला.

चौथी लेफ्सा पिवळट निघाली. पाचवी पांढरी. आर्डिसने तव्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. ते तिथेच, कसलीही घाई नसल्यासारखे, पडून राहिले.

"तवा गार आहे," ती म्हणाली. "दिवा विझलाय म्हणून मला वाटलं तापलाय."

मार्नीने मान वळवली. "आई, बटण खाली आहे."

"कुठलं?"

"इन्व्हर्टरचं. तू बंद केलंस."

"मी कशाला बंद करू?"

"बंद आहे खरं."

मी हस्तक्षेप केला. ज्या यंत्राने स्वतःविषयी निम्मे खोटे सांगितले आहे, ते क्षमतेच्या काठावर चालवल्यावर आपणहून बंद पडले तर त्यात नवल नाही, असे मी म्हणाले. मार्नी शांतपणे म्हणाली, "यंत्र बंद पडलं असतं तर बटण वरच राहिलं असतं. ते खाली आलंय. बोटानं." पुराव्याविषयीचा हा आदर मला एरवी भावला असता. त्या क्षणी मी सत्ताविसावे पान उघडत होते.

पुन्हा बटण वर. पुन्हा दहा मिनिटे तापणे. बॅटरी शहाऐंशीवरून घसरू लागली. तवा तापला तोच लूपे आरियागा वाडगा परत करायला आली. ती निवृत्त नर्स. वाडगा कोणाचा हे तिला सांगता येईना, कारण तो तिचाच होता. तिने आर्डिसच्या गालाला हात लावून पाहिला, "ताप नाही, लाली आहे, चालू दे," असे प्रमाणपत्र दिले, मार्नीला "आईवर गेलीयस हं, हनुवटी बघ" असे सुनावले, आणि गेली.

पुढच्या तीन लेफ्सा शवांसारख्या निघाल्या. बटण खाली होते.

या वेळी मार्नीने आरोप केला नाही, आणि ते जास्त वाईट होते. ती उठली, बटण तिने पुन्हा वर केले आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. तिचा आवाज इतका मऊ झाला की मला पाठीवरून काही सरपटल्यासारखे वाटले.

"आई, आज कोणता वार आहे?"

"रविवार," आर्डिस म्हणाली. "आणि माझ्या हातात लाटणं आहे."

"मी फक्त विचारतेय. तुला आठवतंय का, तू उठून तिकडे गेली होतीस?"

"नाही गेले."

"आठवत नाही की गेली नाहीस?"

आर्डिसने पिठाचे हात ॲप्रनला पुसले, एकदा, मग पुन्हा. मग माझ्याकडे वळून, माझ्या आजवरच्या ओळखीत कधी ऐकला नव्हता असल्या बारीक आवाजात विचारले, "प्रोफेसर, मी केलं का गं बंद?"

आता पैज विजेची उरली नव्हती. बारा लेफ्सा झाल्या असत्या तरी मार्नीने तिला इथे ठेवले नसते. ज्या बाईला आपले हात काय करतात ते आठवत नाही, तिला बॅटऱ्यांच्या शेजारी कोण झोपू देईल?

मला राग आला. माझा राग गरम होत नाही, तो पुस्तकाच्या कपाटासारखा थंड आणि क्रमवार असतो. मी उभी राहिले आणि बोलले. मी म्हणाले की ज्या वस्तूच्या खोक्यावर दुप्पट आकडा आहे, जिच्या पुस्तिकेत एकाच पानावर 'कधीही' आणि 'क्वचित' हे शब्द एकाच सूचनेसाठी वापरले आहेत, जिच्या लेखकाने नाव द्यायचे धाडस केलेले नाही, तिची साक्ष एकोणऐंशी वर्षांच्या निर्मळ स्त्रीच्या स्मृतीविरुद्ध ग्राह्य धरणे ही केवळ बौद्धिक शिथिलता नव्हे, ते नैतिक दिवाळे आहे. मी म्हणाले की खोके माझ्या व्हॅनमध्ये आहे, मी ते आत्ता आणते, आणि अक्षर अन् अक्षर वाचून या यंत्राचा गुन्हा सिद्ध करते. आणि पुस्तिका छातीशी धरून, ताठ मानेने, मी दाराबाहेर पडले.

मी एक पायरी उतरले.

"प्रोफेसर," मार्नी म्हणाली. "तशाच उभ्या राहा. तुमचा उजवा हात बघा."

मी पाहिला. तो माझ्या मागे, दाराच्या चौकटीच्या आत, इन्व्हर्टरच्या बटणावर होता. बटण खाली होते.

आर्डिसच्या तोंडून प्रथम एक शिट्टी निघाली, किटलीची निघते तशी. मग ती टेबलावर डोके ठेवून इतकी हसली की गोळे गडगडत खाली पडले. मार्नीने तोंडावर हात दाबून धरला, तो टिकला नाही. मी उभीच होते. अठ्ठावीस वर्षे दुसऱ्यांच्या हातच्या चुका शोधल्यावर माणसाला स्वतःचा हात ओळखायला थोडा वेळ लागतो.

कारण साधे होते आणि टिन कपच्या बाहेर कोणाला ते सुचले नसते. चालू ठेवलेला इन्व्हर्टर, त्यावर काही नसले तरी, नुसता जागा राहण्यासाठी दिवसभर थोडी थोडी वीज पीत असतो. म्हणून आमच्याकडे बटण दाराशीच बसवतात, आणि बाहेर पडणारा ते बंद करतो. पाहुणाही करतो, न करणे म्हणजे कुणाच्या शेताचे फाटक उघडे टाकून जाणे. पाच-सहा हिवाळे असे काढले की हात ते काम डोक्याला विचारायचे सोडून देतो.

"बकला बोलवा," मार्नी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण तपासनीस कामावर परतली होती. "तव्याची पिन काढा आणि बकला बोलवा."

बक आला. "मी? अजिबात नाही. तीस वर्षं लाइनमन होतो, बाई. मी बटणाला हात लावतो तो विचार करूनच लावतो."

"बरं," मार्नी म्हणाली. "तुमचं झालं. जा तुम्ही."

"मग काय तर!" असे म्हणत तो बाहेर पडला, आणि टक्.

"हे मोजायचं नाही!" तो पायरीवरून ओरडला. "तुम्ही मला बोलण्यात गुंतवलंत!" तो परत आत आला, छाती काढून उभा राहिला, "आता बघा" म्हणाला, वळला, आणि टक्.

लूपेला काहीच सांगितले नव्हते. ती आली, वाडग्याविषयी पुन्हा खोटे बोलली, गेली. टक्.

पुढचा अर्धा तास जे चालले त्याचे वर्णन करताना मला माझ्या शैलीचा संकोच वाटतो. बकने पाण्याच्या टाकीवर पळी बडवून सगळी छावणी गोळा केली. ट्रेलरसमोर रांग लागली. एकेकाने आत यायचे, टेबलाला वळसा घालायचा, आर्डिसला नमस्कार करायचा आणि निघायचे. मार्नी दारापाशी बसून माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, नेमक्या बागेच्या चित्राच्या पाठीवर, रेघा ओढत होती. हात प्लास्टरमध्ये असलेल्या एका गृहस्थांनी बटण हनुवटीने पाडले. मॅनिटोबाच्या एका जोडप्यातल्या नवऱ्याने ते बंद केले. मागून आलेल्या बायकोने, त्याने नीट केले नसेल म्हणून, चालू करून पुन्हा बंद केले. "चाळीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली, "यांनी बंद केलेलं मी एकदाही तसंच सोडलं नाही." आयडाहोचा एक जण सगळा प्रकार कळल्यावर आला होता. त्याने दोन्ही हात खिशात कोंबले, विजयी मुद्रेने बाहेर पडला, वीस पावले गेला, थांबला, घुटमळला, आणि परत येऊन दारात डोके घालून म्हणाला, "ते बंद केलंत ना?"

बाहेर माणसे वाळूवर बसून हसत होती. कोणीतरी दुसऱ्यांदा रांगेत शिरले. मार्नीने बेरीज केली: आर्डिस सोडून एकवीस माणसे, त्यांतली एकोणीस दोषी, उरलेल्यांपैकी एक तो आयडाहोवाला, आणि दुसरी आठवड्यापूर्वी आलेली बाई, जिला आपण कधी शिकणार याची हुरहूर लागली होती.

"आई," मार्नी म्हणाली, "तू नव्हतं केलंस."

"मी तेच सांगत होते," आर्डिस म्हणाली, आणि मग मुलीच्या केसांना लागलेले पीठ झटकताना तिचा हात जरा जास्त वेळ तिथे राहिला. "पण मधे माझा माझ्यावरच विश्वास उडाला होता हो."

मग तिने घड्याळ पाहिले. अकरा वाजून अठ्ठावीस. बॅटरी अठ्ठेचाळीस.

"सगळे बाहेर," ती म्हणाली. चौतीस वर्षे ज्या आवाजाने बस शांत होत होती तो आवाज होता. "पंचाने बसायचं. हात मांडीवर."

तवा पुन्हा तापायला लागला. मार्नीने हळूच विचारले, "पुरेल?"

"बोलू नकोस, मी पोरं मोजतेय." आर्डिसने लाटायला घेतले. चौथी खरी लेफ्सा, पाचवी, सहावी. प्रत्येकीनंतर ती आकड्याकडे बघे आणि मग छोट्या खिडकीतून पश्चिमेकडे. मी तिची नजर पकडायचा प्रयत्न केला. डोंगराच्या मागून ढगांची एक पातळ, राखाडी चादर वर येत होती. सातवी. आठवी. पट्ट्यांकडून येणारा आकडा खाली सरकला, पुन्हा सरकला. नववी काठीवरून उतरवून तिने फडक्यात ठेवली, घडी घातली, आणि तव्याची पिन काढली.

बारा वाजायला नऊ मिनिटे होती. फडक्याखाली गोळे शिल्लक होते. बॅटरी एकतीस.

"आई? अजून तीन राहिल्या."

"हो."

"वेळ आहे की."

"वेळ आहे. वीज नाही."

"एकतीस आहे ना! तीन पोळ्यांना किती लागणार?"

"सहा-सात. म्हणजे उरले चोवीस-पंचवीस." आर्डिस हात धूत होती. "आणि तो ढग बघ. दुपारी ऊन नाही, उद्याही दिसत नाही. हीटरच्या पंख्याला रात्रभर वीस लागतात, सकाळी दिवा, पंप. तीसच्या खाली मी जात नाही. अशा आभाळाखाली तर नाहीच."

"पण पैज बारांची होती."

"होती."

"म्हणजे तू हरतेस."

"हरते," आर्डिस म्हणाली. "माझी पेटी पलंगाखाली आहे. बॅटरीच्या मागे, जपून ओढ."

मार्नी माझ्याकडे वळली. "पंच?"

मला तिथे खोटे बोलण्याची तीव्र इच्छा झाली. पण पंधराशेला तीन हजार म्हणणाऱ्यांवर तीन दिवस तोंडसुख घेतल्यानंतर नऊला बारा म्हणण्याची सोय मी स्वतःला ठेवली नव्हती. "नऊ," मी म्हणाले. "आर्डिस लुंडीन हरली आहे."

मार्नीने पेटी ओढली नाही. तिने फडके उघडले, एक लेफ्सा घेतली, लोणी फासले, साखर भुरभुरली, गुंडाळी केली आणि उभ्याउभ्या खाल्ली. मग विचारले, "फेब्रुवारीत हे का नाही केलंस? आकडा बघून वेळेवर थांबणं?"

"तेव्हा मला आकडा वाचता येत नव्हता. आणि येत नाही हे सांगायची लाज वाटली. बकचं दार चाळीस पावलांवर होतं."

"आणि आता?"

"आता थांबले ना. तुझ्यासमोर. हरून."

मार्नीने बोटे चाटली. मग फोन घेऊन ती बाहेर पडली, कारण टिन कपमध्ये फोन फक्त दगडांच्या टेकाडावर लागतो. आम्ही खिडकीतून पाहत राहिलो. टेकाडावर तिची आकृती येरझाऱ्या घालत होती, मोकळा हात हवेत फिरवत होती. एकदा तर फोन मान आणि खांद्यात धरून तिने पलीकडच्या कोणाला तरी नऊ बोटे दाखवली. खाली वीस माणसे आपल्याला काहीच दिसत नाही अशा मुद्रेने वाळूत उभी होती.

ती परत आली तेव्हा धापा टाकत होती. "खोली दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलीय. पण ऐक. इथं मार्चअखेरपर्यंतच. दर रविवारी फोन. आणि आकडा सांगायचा, छान चाललंय असं नाही सांगायचं."

"एप्रिल," आर्डिस म्हणाली.

"मार्च."

"मार्चमध्ये तुमच्याकडे गुडघाभर बर्फ असतो. मला तिथं मारायला बोलावतेस का?"

"एप्रिलच्या पंधरापर्यंत."

"तीस."

"आई, तू आत्ताच पैज हरलीयस!"

"म्हणून तर तीस म्हणतेय. जिंकले असते तर मे म्हणाले असते," आर्डिस म्हणाली, आणि लोण्याचा डबा मुलीपुढे सरकवला.